बेअरिंगमधलं घर्षण शिकवणारा प्रयोग-संच: निवड, जुळणी आणि वाचन

उतरत्या फळीवर ठोकळा ठेवून काढलेला घर्षण गुणांक विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. भार दुप्पट केला की घर्षण दुप्पट, आणि वेगाशी काही देणंघेणं नाही. हेच गृहीत धरून ते बेअरिंगच्या टेबलाशी येतात, आणि तेलात फिरणारा शाफ्ट नेमका उलटा वागतो. भार दुप्पट करा, टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) जवळपास तेवढाच राहतो. वेग वाढवा, टॉर्क वाढतो. काहीच न बदलता अर्धा तास चालू ठेवा, टॉर्क आपोआप उतरतो. या तिन्ही गोष्टी एकाच बुशवर (शाफ्टभोवतीच्या नळकांड्यावर) दिसल्या तर तो संच घेतल्याचं सार्थक झालं. नाहीतर वहीत ‘गुणांक = ०.०३२’ एवढी एक ओळ उरते आणि तिचा अर्थ कुणालाच कळत नाही.

म्हणून संच घेताना किंवा वर्कशॉपमध्ये बनवून घेताना प्रश्न एकच विचारायचा: यावर कोरड्या किंवा जेमतेम तेलाच्या घर्षणापासून पूर्ण तेलपटलापर्यंतचा (दोन्ही पृष्ठभाग वेगळे ठेवणाऱ्या तेलाच्या थरापर्यंतचा) सगळा प्रवास दाखवता येतो का? जर्मन अभियंता स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये हा प्रवास वक्राच्या रूपात मांडला. डावीकडे कमी वेग आणि जास्त भार. तिथे धातूचे उंचवटे एकमेकांना भिडतात आणि गुणांक ०.१ च्या आसपास असतो. मग वक्र झपाट्याने खाली येतो, कारण भार थोडा तेलावर आणि थोडा उंचवट्यांवर असतो. तळ गाठला की पुढे पूर्ण तेलपटल. तिथून गुणांक पुन्हा हळूहळू चढतो, पण आता घर्षण धातूचं नसतं, तेलाच्या थरांचं असतं. उजवीकडची चढण बाजारातला जवळजवळ कोणताही संच दाखवतो. डावीकडचा उतार फार थोडे दाखवतात, आणि शिकवण्यासारखं निम्मं तर तिथेच आहे.

संचात काय असावं

हा लेख मुख्यतः जर्नल बेअरिंगच्या संचाबद्दल आहे. आडवा शाफ्ट दोन बॉल बेअरिंगवर बसवलेला, मध्यभागी त्यावर चढवलेला बुश, बुशला बाहेर आलेला आर्म आणि आर्मच्या टोकाशी लोड सेल (बळ मोजणारा सेन्सर) किंवा स्प्रिंग बॅलन्स. भार बुशला खाली ओढतो, शाफ्ट बुशला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, आर्म त्याला अडवतो. त्या अडवण्याच्या बळाला आर्मच्या लांबीने गुणलं की घर्षणाचा टॉर्क मिळतो.

मोटरच्या करंटवरून घर्षण काढणारे संच स्वस्त पडतात. ते घेऊ नका. करंटमध्ये मोटरचं स्वतःचं नुकसान, पट्ट्याचं घर्षण आणि आधाराच्या दोन बॉल बेअरिंगांचं घर्षण, सगळं मिसळलेलं असतं. तुम्हाला हवी असलेली रक्कम त्या बेरजेत कुठेतरी हरवते. बुशवर मोजलेल्या प्रतिक्रियेत यातलं काहीही येत नाही.

शाफ्ट ४० मिमी व्यासाचा, कडक करून ग्राइंड केलेला, आणि बुश ४० मिमी लांबीचा असला की हिशेब सोपा राहतो. बुश निदान तीन हवेत: गनमेटल किंवा ब्राँझ, व्हाइट मेटलचं अस्तर असलेला, आणि कोरडा चालणारा टेफ्लॉनचा. चौथा घेता आला तर तेल मुरवलेल्या सिंटर्ड ब्राँझचा घ्या. पंपाशिवाय आणि ऑइल कपशिवाय तो कसा चालतो हा प्रश्न तोंडी परीक्षेत चांगला रंगतो.

मोटरला व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) लागेलच. पण व्हीएफडीवर साधी इंडक्शन मोटर अगदी कमी वेगात धड चालत नाही, शिवाय तिचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. त्यामुळे मधे दोन टप्प्यांच्या पुली किंवा गिअरबॉक्स हवाच, म्हणजे १० आरपीएमपासून हजार-बाराशेपर्यंत शाफ्ट सुरळीत फिरेल. डावीकडचा उतार दिसतो तो या खालच्या वेगांमुळेच. आणि मोटर उलट्या दिशेनेही फिरली पाहिजे. हे का, ते पुढे येतंच.

भारासाठी एकास पाच प्रमाणाची तरफ पुरते. ४०० न्यूटन भारासाठी टांगायची वजनं साधारण ८.२ किलो होतात, ८०० साठी दुप्पट. हँगर, तरफ आणि खुद्द बुश यांचं वजन भारात धरायचं असतं. ते एकदाच मोजून संचाच्या पाटीवर रंगवून टाका.

तेल कुठून सोडायचं याकडे नीट लक्ष द्या. भार बुशला खाली ओढतो म्हणजे बुश शाफ्टवर टांगलेला आहे, म्हणून पटल दाबलं जातं ते बुशच्या वरच्या भागात. तेलाचं भोक वर पाडलं की जिथे दाब तयार व्हायला हवा तिथूनच तो निसटतो. इंग्रज अभियंते ब्यूचँप टॉवर १८८३ साली रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. त्यांनी भाराच्या बाजूला तेलासाठी भोक पाडलं तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर ती बाहेर ढकलली गेली. तिथे प्रेशर गेज लावल्यावर बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुप्पट दाब दिसला. तेलाचं पटल स्वतःच दाब निर्माण करून भार उचलतं, हे असं एका खुंटीमुळे समोर आलं. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. वर्गात रेनॉल्ड्सचं समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी ही खुंटीची गोष्ट सांगा. समीकरण कशासाठी आहे ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

तात्पर्य, तेलाच्या खाचा बुशच्या दोन्ही आडव्या बाजूंना असाव्यात, म्हणजे शाफ्ट कुठल्याही दिशेने फिरला तरी तेल मिळतं. नळी बुशला थेट जोडू नका. बुशवर एक छोटी वाटी बसवा आणि तिच्यात वरून, स्पर्श न करता, तेलाची धार सोडा. कडक नळीचा ताणसुद्धा लोड सेलवर उमटतो.

टॉर्कच्या मोजणीतली मेख

इथे थोडा वेळ काढून थांबणं गरजेचं आहे, कारण बहुतेक संचांची वाचनं बिघडतात ती इथेच.

आधी बळं किती मोठी आहेत ते पाहू. ४०० न्यूटन भार, ६०० आरपीएम आणि आयएसओ व्हीजी १०० तेल (हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो), तापमान ४० अंश. या स्थितीत टॉर्क साधारण ०.२८ न्यूटन-मीटर येतो (हिशेब पुढच्या भागात). २५० मिमी लांबीच्या आर्मवर हे सुमारे १.१ न्यूटन, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम. तेल व्हीजी ३२ असेल तर ३६ ग्रॅम. याचाच अर्थ ५० किलोचा लोड सेल इथे निरुपयोगी आहे. एक-दोन किलोचा, ग्रॅमपर्यंत विश्वासाने वाचणारा सेल हवा. केबल शील्ड केलेली असावी आणि व्हीएफडीच्या तारांपासून लांबून न्यावी, नाहीतर मोटर सुरू होताच आकडे थरथरू लागतात.

आता दुसरी अडचण. भाराची रेषा शाफ्टच्या मध्यातून नेमकी जात नसेल, समजा एक दशांश मिलिमीटर बाजूला असेल, तर ४०० न्यूटनचा तो भार स्वतःच ०.०४ न्यूटन-मीटर टॉर्क देतो. जाड तेलात ही चूक १४ टक्क्यांची, पातळ तेलात जवळपास निम्म्याची. एक दशांश मिलिमीटर नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसणार नाही.

मग सेल शून्यावर आणून सुरुवात करायची, असं सुचतं. पण शाफ्ट थांबलेला असताना घेतलेलं शून्य फसवं असतं. थांबलेल्या शाफ्टवर बुश धातूला धातू टेकवून बसलेला असतो. गुणांक ०.१ धरला तरी तो ०.८ न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क गिळून जागेवर राहू शकतो. तुम्ही मोजणार आहात त्याच्या हा तिपटीजवळ आहे. आर्मला हलकी टिचकी मारा, शून्य बदलेल. पुन्हा मारा, पुन्हा बदलेल. हे विद्यार्थ्यांना मुद्दाम करून दाखवा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वाचन दोन्ही दिशांनी घ्या. घर्षण दिशेबरोबर चिन्ह बदलतं, बाजूला सरकलेल्या भाराचा टॉर्क बदलत नाही. उजव्या आणि डाव्या फेरीच्या वाचनांतला फरक (चिन्हांसकट) निम्मा केला की घर्षणाचा टॉर्क मिळतो, बेरीज निम्मी केली की संचाची चूक मिळते. ही चूक वेगळ्या रकान्यात लिहायला लावा. एका भारासाठी ती सगळ्या वेगांना सारखीच यायला हवी. ती भरकटू लागली तर कुठेतरी नळी अडकतेय, थर्मोकपलची (तापमान मोजणारी) तार ताणली गेलीय किंवा आर्म स्टॉपला टेकलाय.

लोड सेलचं कॅलिब्रेशन मात्र बुशपासून सोडवून, वेगळं टांगून, ओळखीच्या वजनांनी करा. जागेवर ठेवून केलंत तर वर सांगितलेलं स्थिर घर्षण त्यातही घुसतं.

स्प्रिंग बॅलन्स वापरत असाल तर वाचन घेण्याआधी आर्म स्क्रूने पुन्हा समतल करून घ्यावा. आर्म कलला की टांगलेलं वजन त्याला सरळ करू पाहतं आणि तेवढं घर्षण लपतं.

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक पुरवणी: पटलात शाफ्टचा आणि बुशचा मध्य एका जागी नसतो, त्यामुळे शाफ्टवरचा आणि बुशवरचा टॉर्क तंतोतंत सारखे नसतात. आपल्या उदाहरणात हा फरक एका टक्क्याच्या घरातला आहे. माहीत असावा, पण त्यात अडकू नये.

चालू करण्याआधी कागदावर

विद्यार्थी स्विचला हात लावण्याआधी त्यांच्याकडून टॉर्कचा अंदाज लिहून घ्या. रशियन अभियंते पेत्रॉव्ह यांनी १८८३ सालीच यासाठी सोपं सूत्र दिलं. शाफ्ट बुशच्या मध्यभागी आहे असं धरलं तर

गुणांक = १९.७ × (व्हिस्कॉसिटी × फेरे ÷ दाब) × (त्रिज्या ÷ त्रिज्येतली फट)

१९.७ म्हणजे दोन गुणिले पायचा वर्ग. व्हिस्कॉसिटी (तेलाचा दाटपणा) पास्कल-सेकंदांत, फेरे दर सेकंदाला, दाब पास्कलमध्ये. दाब म्हणजे भार भागिले (लांबी × व्यास). आपल्या बुशसाठी ४०० ÷ (०.०४ × ०.०४) = २,५०,००० पास्कल.

व्हीजी १०० तेलाची ४० अंशांना व्हिस्कॉसिटी १०० सेंटिस्टोक. घनता ०.८८ धरून ०.०८८ पास्कल-सेकंद. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेरे. कंसातली पहिली राशी ०.०००००३५ येते. त्रिज्येतली फट ०.०४ मिमी असेल तर दुसरी राशी ५००. गुणांक ०.०३५, आणि टॉर्क ०.०३५ × ४०० × ०.०२ = ०.२८ न्यूटन-मीटर.

‘पूर्ण तेलपटलात गुणांक ०.००१ ते ०.०१ असतो’ असं पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो. त्याचं पाठांतर चुकीचं नाही, ते व्यवस्थित भार असलेल्या बेअरिंगांना लागू आहे. आपला भार हलका आहे. तेलाच्या थरांची ओढ तेवढीच राहते आणि तिला छोट्या भाराने भागल्यामुळे गुणांक मोठा दिसतो. भार वाढवला की गुणांक घटेल, टॉर्क जवळपास हलणार नाही. पूर्ण पटलात ‘गुणांक’ हा फक्त भागाकाराचा आकडा आहे, पृष्ठभागांच्या जोडीचा गुणधर्म नव्हे.

या कागदी कामात तीन चुका नेहमीच्या: आरपीएमला ६० ने न भागणं, सेंटिस्टोक घनतेने न गुणता तसेच वापरणं, आणि व्यासातली फट त्रिज्येतली समजणं. शेवटच्या चुकीत उत्तर बरोब्बर निम्मं येतं, म्हणून ती लगेच ओळखू येते.

फट मोजायला बोअर गेज आणि मायक्रोमीटर लागेल, आणि दोन्ही एकाच तापमानाला बराच वेळ ठेवलेले असावेत. व्यासातली ०.०८ मिमी फट मोजताना चार मायक्रॉन इकडे-तिकडे झाले तरी उत्तरात पाच टक्के फरक पडतो.

तापमान, म्हणजे निम्मा प्रयोग

व्हीजी १०० चं साधं खनिज तेल ४० अंशांना १०० सेंटिस्टोक असतं, ५० अंशांना साधारण ६१, आणि १०० अंशांना ११ च्या आसपास. पहिल्या दहा अंशांतच जवळपास ४० टक्के घट. टॉर्क व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात असल्यामुळे टॉर्कही तेवढाच उतरतो. तापमान न लिहिलेलं वाचन खोडून टाकायला लावा, बिनदिक्कत.

तेलाच्या टाकीतलं तापमान इथे उपयोगाचं नाही. आपल्या उदाहरणात पटलात साडेसतरा वॅट उष्णता तयार होते. ती सगळी अर्ध्या किलोच्या ब्राँझ बुशमध्ये गेली असं धरलं तर बुश दोन मिनिटांच्या आत दहा अंश तापेल. प्रत्यक्षात तेल आणि शाफ्ट वाटा उचलतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण टाकी थंड असताना पटल गरम असतं हे नक्की. बुशला बाहेरून भोक पाडा, आतल्या पृष्ठभागापासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर आधी थांबा आणि तिथे बारीक थर्मोकपल बसवा. भोक भाराच्या बाजूला, म्हणजे वर. तार सैल, मोकळी लोंबती.

व्हिस्कॉसिटी डब्यावरच्या लेबलवरून उचलू नका. रेडवुड व्हिस्कोमीटर असेल तर त्यावर, नाहीतर पडत्या गोळीच्या नळीत, निदान तीन तापमानांना मोजून आलेख तयार करा आणि तो संचाशेजारी लावून ठेवा. हे काम आदल्या तासाला उरकलेलं बरं.

प्रत्यक्ष वाचन

नवा बुश असेल तर आधी हलक्या भारावर तो चांगला चालू द्या. उंचवटे झिजून बसले की स्ट्रिबेकचा तळ डावीकडे सरकतो. रनिंग-इन न झालेल्या बुशवर प्रत्येक बॅचला वेगळा वक्र मिळेल आणि दोष विद्यार्थ्यांच्या माथी जाईल.

१. तेल सोडा, भार न लावता शाफ्ट सुरू करा, मग भार लावा. उलटा क्रम कधीच नको. भाराखाली थांबलेल्या शाफ्टला सुरू करणं हा वेगळा प्रयोग आहे, तो शेवटी करायचा.

२. सगळ्यात वरच्या वेगावर बुशचं तापमान स्थिर होऊ द्या. पाच मिनिटांत अर्ध्या अंशाहून जास्त हलत नसेल तर स्थिर म्हणायला हरकत नाही. ही वाट पाहण्याची वेळ फुकट घालवू नका, दर मिनिटाला टॉर्क आणि तापमान लिहायला लावा. भार तोच, वेग तोच, बुश तोच, तरी टॉर्क उतरत जातो. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या तीनपैकी तिसरी गोष्ट इथे पदरात पडते.

३. दोन्ही दिशांनी वाचन घ्या. दिशा बदलताना आधी भार उतरवा, मगच शाफ्ट थांबवा. फिरता शाफ्ट एकदम उलटवू नका.

४. आता वेग कायम ठेवून भार बदला: २००, ४००, ८०० न्यूटन. भार चौपट होतो आणि टॉर्क काही टक्केच हलतो. तापमान मात्र सांभाळा, नाहीतर भाराचा परिणाम की तेल तापल्याचा, हे सांगता येणार नाही.

५. मग जाड तेल काढून बुश आणि शाफ्ट केरोसीनने धुवा, पुसा, व्हीजी ३२ भरा. ४०० न्यूटनवर वेग टप्प्याटप्प्याने खाली आणा: ६००, ३००, १५०, ८०, ४०, २०, १०. वरून खाली, कारण सुरुवातीलाच धातू घासला तर पुढची सगळी वाचनं खराब पृष्ठभागावरची असतात.

१० आरपीएमला काय होतं ते हिशेबानेही पाहण्यासारखं आहे. ४० अंशांच्या व्हीजी ३२ तेलात त्या वेगाला पटलाची सर्वांत कमी जाडी रेमंडी आणि बॉइड यांच्या बेअरिंग-गणिताच्या तक्त्यांवरून एक-सव्वा मायक्रॉन येते. ग्राइंड केलेला शाफ्ट आणि बोअर केलेला बुश यांचा मिळून खडबडीतपणा साधारण तेवढाच. त्यामुळे उंचवटे भिडू लागतात आणि गुणांक, जो ४० आरपीएमपर्यंत निमूटपणे उतरत असतो, पुन्हा वर वळतो. तुमच्या बुशच्या फिनिशप्रमाणे हे वळण थोडं आधी किंवा नंतर येईल.

६. हे वळण डोळ्यांना दाखवायचं तर एक स्वस्त जोड द्या. बुश हँगरपासून नायलॉनच्या वॉशरने विलग करा, शाफ्टच्या टोकाला कार्बन ब्रश टेकवा, आणि मोठ्या रेझिस्टन्समधून पन्नास मिलिव्होल्टच्या आतलं व्होल्टेज बुश-शाफ्टमध्ये द्या. ऑसिलोस्कोपवर पूर्ण पटल असताना रेषा वर स्थिर असते. वेग उतरवत नेलात की ती मधूनच शून्याकडे कोसळायला लागते, आधी एखाददुसऱ्यांदा, मग सतत. मिश्र वंगण (भार थोडा तेलावर, थोडा उंचवट्यांवर) म्हणजे काय ते समजावायला याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. व्होल्टेज जास्त ठेवलंत तर पटल विजेनेच फुटतं, म्हणून मर्यादा पाळा.

७. शेवटी शाफ्ट थांबवून भाराखाली काही मिनिटं ठेवा. तेल पिळून बाहेर जाऊ द्या, आणि आर्मला वजनं वाढवत बुश कधी सरकतो ते पाहा. या सुरुवातीच्या टॉर्कवरून स्थिर गुणांक निघतो. चालू स्थितीतल्या आकड्यापेक्षा तो किती पट मोठा आहे, हे एका ओळीत लिहायला लावा.

अ‍ॅडिटिव्हचं, म्हणजे झीज रोखणारी द्रव्यं घातलेलं, तेल तपासायचं असेल तर ते सगळ्यांत शेवटी. त्याचा थर धातूवर चिकटून राहतो आणि केरोसीनने सहज जात नाही. नंतर भरलेल्या साध्या तेलाला त्याचं श्रेय मिळून जातं.

कोरड्या घर्षणासाठी ब्राँझचा बुश वापरू नका, शाफ्ट ओरखडला जाईल. टेफ्लॉनचा बुश चढवा, भार १०० न्यूटनच्या आत, वेग कमी. इथे टॉर्क भाराबरोबर सरळ वाढतो आणि उतरत्या फळीचा नियम परत भेटतो.

आलेख

आडव्या अक्षावर व्हिस्कॉसिटी × फेरे ÷ दाब, लॉग मापावर. उभ्या अक्षावर गुणांक. दोन तेलं, तीन भार आणि सात वेग यांचे सगळे ठिपके एकाच कागदावर, वेगवेगळ्या खुणांनी. उजव्या बाजूला सगळे ठिपके एका रेषेवर येऊन बसले पाहिजेत. जाड तेल-मंद वेग आणि पातळ तेल-जास्त वेग या जोड्या एकमेकांवर पडताना पाहून विद्यार्थ्यांना तो विचित्र वाटणारा भागाकार एकदम पटतो. डावीकडे ठिपके विखुरतील आणि ते तसंच असायला हवं, कारण तिथे खडबडीतपणाचा हिशेब या राशीत नाही. पेत्रॉव्हच्या सूत्राची रेषा त्याच आलेखावर काढा. हलक्या भाराला ठिपके तिला चिकटतात, भार वाढला की शाफ्ट मध्य सोडतो आणि ठिपके किंचित वर सरकतात.

सगळे ठिपके सिद्धांताच्या रेषेपासून सारख्याच प्रमाणात दूर असतील तर फट चुकली आहे. जास्त वेगाचेच ठिपके खाली असतील तर तापमान चुकीच्या जागी मोजलं आहे. ब्राँझ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. दोन्ही २० अंश तापले तर ४० मिमी व्यासात फट पाच मायक्रॉनच्या आसपास वाढते, तेही ध्यानात ठेवा.

दाबाचं चित्र: पारदर्शक बेअरिंग

दुसरा संच घेता येत असेल तर अ‍ॅक्रिलिक बुश आणि उभ्या काचनळ्यांचा घ्या. बुशच्या परिघावर भोकं असतात, प्रत्येकातून एक नळी वर फलकावर जाते आणि तिच्यातली तेलाची उंची म्हणजे त्या जागेचा दाब. अशा संचांत फट मुद्दाम अवाढव्य ठेवलेली असते, ५० मिमी शाफ्टवर ५५ मिमीचा बुश वगैरे. दाब त्यामुळे नगण्य राहतो आणि नळ्यांत मावतो. ३०० मिमी उंची म्हणजे अडीच हजार पास्कलच्या आसपास. घर्षण मोजायला हा संच निरुपयोगी, पण शाफ्ट सुरू होताच नळ्यांमध्ये तेलाची टेकडी उभी राहते आणि दिशा बदलली की ती दुसऱ्या बाजूला जाते. टॉवर यांची खुंटी कशाने उडाली ते इथे नुसतं पाहता येतं.

नळ्यांत हवेचा एकही बुडबुडा नको. तेल आदल्या दिवशी भरून ठेवा आणि नळ्या बोटाने टिचकवत राहा. टाकीतल्या तेलाची पातळी हे शून्य धरा. काही नळ्यांत तेल त्याच्याही खाली जातं. तिथे दाब वातावरणाहून कमी आहे, म्हणजे पसरत जाणाऱ्या फटीचा तो भाग. लांब बेअरिंगचं सूत्र लावून आकडे जुळवायला बसू नका, ते जुळणार नाहीत. बुश आखूड असल्यामुळे तेल दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. बुशच्या लांबीवरही काही भोकं असतील तर हीच गळती कमानीच्या आकारात दिसते, मध्यावर उंच आणि टोकांना खाली.

बॉल बेअरिंग आणि ग्रीस

मुख्य संचाच्या आर्मवर बॉल बेअरिंगचं हाउसिंग बसवता आलं तर तुलना लगेच होते. ४० मिमी बोअरच्या डीप ग्रूव्ह बेअरिंगचा गुणांक ०.००१५ च्या आसपास. ४०० न्यूटनला टॉर्क फक्त ०.०१२ न्यूटन-मीटर, आर्मवर पाच ग्रॅमही नाही. इथे भाराची रेषा एक दशांश मिलिमीटर सरकली तर चूक खऱ्या टॉर्कच्या तिप्पट होते, म्हणून दोन्ही दिशांचं वाचन टाळूच शकत नाही. लांब आर्म लावा, भार वाढवा.

ग्रीसचा प्रयोग छोटा आणि मजेदार आहे. एका बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश ग्रीस भरा, दुसऱ्यात ठासून. ठासलेलं बेअरिंग जास्त टॉर्क घेतं आणि लक्षात येण्याइतकं गरम होतं. ‘भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर काळजी’ हा समज तिथेच सुटतो.

पिन-ऑन-डिस्क आणि फोर-बॉल टेस्टर या यंत्रांची नावं खरेदीच्या यादीत नेहमी वर असतात. पहिलं झीज मोजतं, दुसरं तेला-ग्रीसची भार सोसण्याची आणि झीज रोखण्याची ताकद (१२.७ मिमीच्या तीन स्थिर गोळ्यांवर चौथी फिरवून, मग सूक्ष्मदर्शकाखाली चट्ट्याचा व्यास मोजून). संशोधनाला दोन्ही उत्तम. पण बेअरिंगमध्ये पटल कसं तयार होतं ते यातलं एकही दाखवत नाही, म्हणून पहिला संच म्हणून मी ती घेणार नाही.

सुरक्षा आणि निगा

शाफ्ट आणि पट्ट्यावर झाकण, आर्मच्या दोन्ही बाजूंना मजबूत स्टॉप. बुश अचानक जाम झाला तर आर्म शाफ्टबरोबर गरकन फिरतो आणि समोर कुणाचा तरी हात असतो. सैल बाह्या, मोकळे केस आणि हातातलं पुसायचं फडकं फिरत्या शाफ्टपासून लांब. वजनांखाली पाय नको. सांडलेलं तेल लगेच पुसा, फरशीवर राहिलं तर पुढची बॅच घसरेल.

सत्र संपल्यावर भार उतरवून ठेवा, तरफेवर वजनं लटकत राहिली तर बुश एकाच जागी दबून राहतो. तेल गाळून डब्यात भरा आणि डब्यावर व्हीजी नंबर आणि किती सत्रं वापरलं ते लिहा. शाफ्ट पुसून त्यावर गंजरोधक तेलाचा हात फिरवा. बुश जोडीने, आपापल्या खोक्यात, प्रत्येकासोबत शेवटची मोजलेली फट लिहिलेली चिठ्ठी. पुढच्या सत्राला पुन्हा मोजून ती बदलली असेल तर झीज किती झाली तेही कळतं. काही वर्षांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर झिजेचा वेगळा प्रयोग आयताच हाती येतो.